एकमताचे बळ व उणीव

संस्थेचा कारभार एकमताने चालावा, असे आपण सारेच म्हणतो. या रीतीचे बळ व उणीव दोन्ही आम्हांस घटना समितीच्या राजभाषाविषयक निर्णयात दिसतात. केवळ बहुमताने निकाल लावला असता, तर हरलेल्या पक्षाने तो मनापासून पाळला असता काय? म्हणून मुन्शी व गोपालस्वामी अय्यंगार यांनी तडजोड सुचविली: हिंदी देवनागरीत, अंक आंतरराष्ट्रीय (अंकांवरूनही केवढा वाद!), आणि इंग्रजीस १५ वर्षांची मुदत. १४ सप्टेंबर १९४९ रोजी ती उभय पक्षांनी पत्करली. परंतु मूळ दुखणे केवळ लांबणीवर पडले होते. मुदत संपताच १९६५ साली मद्रास राज्यात आंदोलन पेटले, माणसे प्राणांस मुकली. अहिंदी राज्यांच्या संमतीवाचून इंग्रजी जाणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिण्यास १९६७ साल उजाडावे लागले.