वृत्तचितीचे घनफळ आणि फेस पोहोचण्याची वेळ



आठवीला वृत्तचितीचे घनफळ शिकवताना यंदा डबे आणि टाक्या बाजूला ठेवल्या. कारण एका पालकांचा प्रश्न. ते रंगाच्या गोदामात काम करतात. म्हणाले, "सर, चाचणीच्या वेळी स्प्रिंकलरमधून आधी नुसतं पाणीच येतं, फेस मागाहून येतो. किती वेळानं येणार ते आधी काढता येतं का?"

येतं की! आणि ते काढायलाच हवं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून नुसत्या पाण्याने तेलाची आग विझवणं अवघड. फेस मात्र तेलावर सायीसारखा पसरतो आणि हवा तोडतो. 3 टक्क्यांचं द्रावण असेल तर 97 लिटर पाण्यात 3 लिटर फेसद्रव. हे मिश्रण मुख्य नळापाशी तयार होतं. पण तिथून स्प्रिंकलरपर्यंतच्या पाईपात आधीच साधं पाणी भरलेलं असेल, तर ते बाहेर पडल्याशिवाय फेस येणार कसा?

फळ्यावर गणित मांडलं. पाईपचा आतला व्यास 100 मिमी, लांबी 50 मीटर. त्रिज्या 5 सेंमी, म्हणून दर मीटरला 7.85 लिटर. एकूण सुमारे 393 लिटर. एका स्प्रिंकलरमधून मिनिटाला 80 लिटर पाणी जातं असं धरा. 393 भागिले 80, म्हणजे जवळजवळ 4.9 मिनिटे! फेसाचा साठा साधारण 10 मिनिटांचा धरतात, हे सांगितल्यावर वर्ग गप्पच झाला. चार स्प्रिंकलर उघडले तर 393 भागिले 320, सुमारे सव्वा मिनिट. म्हणजे आग लहान असताना फेस उशिरा येतो. मुलांना हे उलटंच वाटलं, आणि खरं सांगू, पहिल्यांदा मलाही.

एकाने त्रिज्येऐवजी व्यासाचाच वर्ग केला. उत्तर चौपट! वीस मिनिटे आली. मी ते पुसलं नाही. चूक कुठे झाली ते मुलांनीच शोधलं.

मग प्रयोग. गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी आणली, आतला व्यास 1 सेंमी, लांबी 10 मीटर. पाण्याने भरली, वरच्या बादलीत गुलाबी रंग घातला. एक लिटरची बाटली 50 सेकंदांत भरत होती, म्हणून हिशोबाने 785 मिली पाणी निघायला 39 सेकंद. प्रत्यक्षात पहिली गुलाबी छटा 34 व्या सेकंदाला दिसली, पूर्ण रंग 50 च्या आसपास. नळीच्या मधलं पाणी कडेच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतं, शिवाय सीमेवर दोन्ही मिसळतात.

खऱ्या चाचणीतही तसंच. सर्वांत लांबचा झडप उघडतात, स्टॉपवॉच लावतात आणि ठरावीक वेळाने नमुने घेतात. नुसता फेस दिसला म्हणून भागत नाही. रिफ्रॅक्टोमीटरने टक्केवारी मोजतात, आणि त्यासाठी आधी 2, 3, 4 टक्क्यांची द्रावणं हाताने बनवून तुलना तयार ठेवतात. जुन्या प्रकारच्या फेसद्रवात न कुजणारी फ्लोरिनयुक्त रसायनं असतात, त्यामुळे चाचणीचं पाणी गटारात सोडायचं नाही, गोळा करायचं.

शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, एकच स्प्रिंकलर उघडला तर मिश्रण करणाऱ्या यंत्राला एवढा कमी प्रवाह पुरतो का?" अनेक यंत्रांना किमान प्रवाह लागतो, त्याखाली प्रमाण बिघडतं. तो आकडा यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत सापडतो. त्या पालकांना तोच बघून यायला सांगितलं आहे.