कृष्णामाई लाल की हिरवी?

प्रश्न : महापुराबद्दल लोकांना काय वाटतं, यावर माझ्या मुलीचा कॉलेजात प्रकल्प आहे. प्रश्नावली भरून घ्यायची सोडून ती माणसांकडून लाल-हिरवी चित्रं काढून घेते. मन असं चित्रात मोजता येतं का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : मोजता नाही, मांडता येतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले तत्त्वज्ञ पॉल थॅगार्ड यांनी ही पद्धत रूढ केली. मनातली एकेक गोष्ट एकेका आकारात लिहायची. हवीशी असेल तर हिरव्या लंबगोलात, नकोशी असेल तर लाल षटकोनात, ना हर्ष ना खेद असेल तर पिवळ्या चौकटीत. भावना तीव्र, तर कड जाड. एकमेकींना धरून असणाऱ्या गोष्टींत सलग रेघ, आडव्या जाणाऱ्यांत तुटक.

आता गावभागातल्या एखाद्या आजींच्या हाती पेन द्या. ‘कृष्णामाई’ कशात लिहायची? ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. घर बुडालं. पण पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आजींनी तिची ओटीही भरलेली असते! अशा दुहेरी मायेसाठी जांभळा आकार आहे, लंबगोल आणि षटकोन एकात एक. ‘होय की नाही’ विचारणाऱ्या प्रश्नावलीत या आजी सापडतच नाहीत.

कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेलं धरण, ‘अलमट्टी’, मात्र बहुतेक सांगलीकर जाड लाल कडेत लिहितील. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे 2019 चा पूर आला नाही, असं राज्य सरकारने पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात म्हटलं, तरी ती कड बारीक होत नाही. का, ते कागदावर दिसतं. त्या षटकोनातून रेघा निघतात धरणातली पाणीपातळी समुद्रसपाटीपासून 519 वरून 524 मीटरवर जाण्याच्या धास्तीकडे, बुडालेल्या उसाकडे, 2005 साली हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत भिजलेल्या हळदीकडे. अहवाल त्यातली एखादीच रेघ खोडतो. पाटबंधारे खात्यातल्या इंजिनियरच्या कागदावर हीच अलमट्टी कदाचित पिवळ्या चौकटीत असेल, शेजारी क्युसेकचे आकडे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वाद नेमका कुठल्या रेघेवर आहे ते कळतं.

पूर कशाने आला, हे मात्र या चित्राला विचारू नये. ते फक्त काढणाऱ्याचं मन सांगतं, तेही त्या दिवसाचं. जानेवारीतली कृष्णा आणि ऑगस्टमधली कृष्णा एका रंगाची नसते. मुलीला सांगा, तारीख घालायला विसरू नकोस आणि रंग सुचवू नकोस. पहिला कागद तुम्हीच भरून द्या.