घोड्याच्या पोटातील जंत व त्यांचा बंदोबस्त

राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ) हे कोळशाच्या खाणीचे व चुनखडीचे गाव. आसपासच्या शेतीत बैल हेच मुख्य जनावर. घोडा क्वचितच दिसतो. परंतु ज्याच्या दारी वरातीची घोडी किंवा ओझ्याचे तट्टू असते, त्याच्या कुटुंबाचा बराचसा चरितार्थ त्या एकाच जनावरावर चालतो. ऐन लग्नसराईत घोडी पोटशुळाने आडवी पडली, तर वर्षाची मिळकत बुडते. पोटशुळाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी जंत हे टाळता येण्यासारखे कारण होय.

लिदीबरोबर पडलेल्या अंड्यांतून पावसाळी हवेत आठवडाभरात अळी तयार होते, ओल्या गवताच्या पात्यावर चढते आणि चरणाऱ्या घोड्याच्या पोटात जाते. मोठा स्ट्राँगाईल हा यांतील सर्वांत घातक जंत. त्याच्या अळ्या आतड्यास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत कित्येक महिने राहतात. तेथे रक्ताची गुठळी होऊन आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो व जनावर दगावते. लहान स्ट्राँगाईलच्या अळ्या आतड्याच्या अस्तरात दडून बसतात. शिंगरांस गोल जंतांची बाधा अधिक होते; पोट सुटते, केस राठ होतात, खोकला येतो व वाढ खुंटते. मोठे घोडे मात्र जंत असूनही पुष्कळदा धडधाकट दिसते, म्हणून केवळ नजरेवर विसंबू नये.

घोड्याच्या लिदीमुळे बैलांना जंत होतात, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती बहुतांशी चुकीची आहे. एखाददुसरी जात सोडल्यास घोड्याचे जंत गुरांत वाढत नाहीत व गुरांचे घोड्यांत वाढत नाहीत. उलट, घोडा चरून गेलेल्या कुरणात गुरे सोडल्यास गवतावरील अळ्या त्यांच्या पोटात जाऊन नष्ट होतात. गाढवाची गोष्ट निराळी. त्याच्या फुफ्फुसातील जंत घोड्यास होतात, आणि गाढव स्वतः फारसे खोकतही नाही.

औषधापेक्षा लीद उचलण्याचे महत्त्व अधिक आहे. पागेतील लीद रोज व चरण्याच्या जागेवरील आठवड्यातून निदान दोनदा उचलावी. खड्ड्यात ती नीट कुजली म्हणजे आतील उष्णतेने बहुतेक अंडी मरतात. असे खत कपाशीस खुशाल घालावे. ताजी लीद मात्र गवताच्या बांधावर टाकू नये. वैशाखातील उन्हात गवतावरील अळ्या मरतात, गोल जंतांची अंडी मात्र वर्षानुवर्षे टिकतात. यास्तव दाणा तोबऱ्यात व वैरण गव्हाणीत द्यावी. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर बारीक ठिपके दिसल्यास ती पोटात वाढणाऱ्या माशीची अंडी समजावीत आणि खरवडून काढावीत.

दर दोन महिन्यांनी सरसकट औषध पाजण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावयास पाहिजे. घोड्यांसाठीची जंतनाशके मुख्यतः तीनच वर्गांतील आहेत आणि तिन्हींना दाद न देणारे जंत जगात आढळले आहेत. मोठ्या घोड्याची ताजी लीद पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासून घ्यावी. एका ग्रॅममध्ये २०० हून अधिक अंडी आढळल्यास औषध द्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तथापि मोठ्या स्ट्राँगाईलसाठी वर्षातून एक-दोनदा औषध द्यावेच. आपल्याकडे पावसाळा संपताना एक मात्रा सोयीची पडते. शिंगरास पहिली मात्रा दोन ते तीन महिन्यांचे असताना द्यावी. त्याच्या पोटात जंत फार असल्यास ते एकदम मरून आतडे तुंबण्याचा धोका असतो, म्हणून औषध पशुवैद्यकानेच ठरवावे.

अंदाजाने दिलेली मात्रा बहुधा कमी पडते, व कमी मात्रेतून वाचलेले जंत पुढे चिवट होतात. वजन काढणे अवघड नाही. छातीचा घेर व खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेरास घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे व ११,९०० ने भागावे. घेर १४० व लांबी १३५ असल्यास वजन सुमारे २२२ किलो येते. आयव्हरमेक्टिन दर किलोस ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात, म्हणजे अशा तट्टास सुमारे ४४ मिलिग्रॅम, तोंडावाटे द्यावे. गुरांसाठीचे त्याचे इंजेक्शन घोड्यास टोचू नये. टोचलेल्या जागी प्राणघातक सूज येऊ शकते. गाभण घोडीस कोणतेही औषध सल्ल्याशिवाय पाजू नये.

औषधानंतर चौदाव्या दिवशी लीद पुन्हा तपासावी. अंडी पुरेशी घटली नसतील तर तेच औषध दुसऱ्यांदा न देता पशुधन विकास अधिकाऱ्यास कळवावे.