जनुकाला गप्प केलं तर? : रातकिड्याचं जैविक घड्याळ

रातकिडा रात्रीच का किरकिरतो? "अंधार पडतो म्हणून," असं तुम्ही म्हणाल. पण त्याला सतत अंधारात ठेवलं तरी त्याची हालचाल साधारण २४ तासांच्या चक्राने चालूच राहते. म्हणजे घड्याळ त्याच्या शरीरातच आहे. यालाच जैविक घड्याळ म्हणतात.

घड्याळाचं जनुक
१९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना दिनक्रम बिघडलेल्या फळमाश्या मिळाल्या. बिघाड एकाच जनुकात होता. त्या जनुकाला 'पिरियड' हे नाव मिळालं. पण प्रत्येक कीटकात असे उत्परिवर्तन शोधत बसणं फार वेळखाऊ. इथे जनुक-शमन उपयोगी पडतं.

जनुक-शमन कसं होतं?
जनुकातला निरोप संदेशवाहक आरएनए नेतो आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. हा निरोप वाटेतच अडवायचा.
१. त्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए कीटकाला टोचतात.
२. पेशीतलं 'डायसर' हे विकर त्याचे लहान तुकडे करतं.
३. या तुकड्यांच्या मदतीने पेशी जुळणारा संदेशवाहक आरएनए ओळखते आणि तोडते.

डीएनए मात्र जसाच्या तसा राहतो. या शोधासाठी अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं.

रातकिड्यावरचा प्रयोग
२००८ मध्ये जपानच्या ओकायामा विद्यापीठातील केंजी तोमिओका यांच्या गटाने रातकिड्यातलं 'पिरियड' गप्प केलं. सतत अंधारात त्या रातकिड्यांच्या हालचालींचं चक्रच नाहीसं झालं. पण हा सुई टोचल्याचा परिणाम नसेल कशावरून? म्हणून काही रातकिड्यांना त्यांच्या शरीरात नसलेल्या जनुकाचा आरएनए टोचला होता. त्यांचं चक्र शाबूत राहिलं. याला नियंत्रित गट म्हणतात. परीक्षेत हा मुद्दा विसरू नका!

पुढे याच गटाने 'टाइमलेस' जनुक गप्प केलं. ते नसलेल्या फळमाशीचं चक्र बंद पडतं. रातकिड्याचं मात्र चालूच राहिलं, फक्त थोडं आखूड झालं. म्हणजे एका कीटकाचा नियम सगळ्यांना लावून चालत नाही.

विचार करा : शमनाने प्रथिन कमी होतं, पण बऱ्याचदा थोडं उरतंच. मग चक्र चालू राहिलं, एवढ्यावरून ते जनुक अनावश्यक ठरतं का? उत्तर वहीत कारणासह लिहा.