डॉक्टरांनीच मारलं का, बाबा?

घरातलं कुत्रं आजारी पडतं, दवाखान्यात नेलं जातं, सुई टोचली जाते आणि त्याच रात्री ते जातं. मग ओट्यावर मोठी माणसं बोलतात, ‘चांगलं चालत गेलं होतं. सुई दिली आन् गेलं. डॉक्टरनं घालवलं.’ मुलं शेजारीच रडत असतात, म्हणून आपल्याला वाटतं की त्यांचं लक्ष नाही. पालकहो, त्यांचं सगळं लक्ष तिथंच असतं. दोन दिवसांनी हेच वाक्य ती वर्गात सांगतात, आणि विंचूरसारख्या गावात त्या डॉक्टरांचं पोरही त्याच बाकावर असू शकतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कारण कळायच्या आधी मुलाच्या हाती गुन्हेगार देऊ नका. पण तक्रारीला जागा असेल, तर ‘जाऊ द्या, जनावरच होतं’ म्हणून ती गिळूही नका.

कारण कळायच्या आधी असं का म्हणतो? आपला भाग कांद्याचा आणि द्राक्षांचा. गावात बाजार समितीचं उपबाजार आवार, पलीकडे वाईन पार्क, चहूकडे बागा. आणि नेमक्या या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विष आहेत. कांद्यानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजलेला, भजीतला, कुठलाही कांदा चालत नाही. दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे एक मोठा कांदा, बाधू शकतो. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद लाल होते. तोवर आजीनं उष्टा रस्सा घातला होता, हे कोणाच्या लक्षात असणार? द्राक्षांचं आणखी विचित्र आहे. एखादं कुत्रं मूठभर मणी खाऊन ठणठणीत राहतं, दुसऱ्याला थोडेच पुरतात. आधी उलट्या, मग दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी बोट दाखवलं तेच मुळी 2021 मध्ये. शिवाय बागेत औषध मारलेलं असतं, फवारणीच्या टाकीतलं उरलेलं पाणी असतं. आणि पिल्लू असेल तर पार्वो आहेच. त्यात रक्ताची हगवण लागते आणि उपचार करूनही कित्येक पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. यातल्या कशातही डॉक्टर येतात ते शेवटच्या प्रहरी, आणि नजरेसमोर राहते ती त्यांची सुई.

पण म्हणून डॉक्टर नेहमीच निर्दोष, असंही नाही. कुत्र्याचं वजन न करता अंदाजानं डोस देणं, तापलेल्या पिल्लाला लस टोचणं, मांजराला पॅरासिटामॉल देणं (मांजराला ते मारकच आहे), या चुका होतात. काही ठिकाणी तर सुई देणारा माणूस डॉक्टरच नसतो. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पदविकाधारकाला काही किरकोळ कामं करता येतात, तीही देखरेखीखाली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. माणसांच्या डॉक्टरांबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात जो निकष सांगितला, तो इथंही मनाशी धरण्यासारखा आहे: रोगी दगावला एवढ्यानं हलगर्जी ठरत नाही, सामान्य कुवतीच्या जबाबदार डॉक्टरनं जे केलं असतं ते इथं केलं गेलं की नाही, हे बघायचं.

हे ठरवायचं तर पुरावा लागतो, आणि तो नेमका आपण सर्वांत जास्त खचलेलो असतो तेव्हाच गोळा करावा लागतो. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत खड्डा खणून मोकळे होतात. संशय असेल तर थांबा. सरकारी पशुवैद्यकांना शवविच्छेदनाची विनंती करा, तीही लेखी. तोवर अंग बर्फात ठेवा, पण गोठवू नका, आणि चैत्र-वैशाखात दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. केसपेपर, औषधांची चिठ्ठी, लसीची वही, उरलेल्या गोळ्या, रिकामी कुपी, सगळं एका पिशवीत घाला. कधी काय दिलं, कधी उलटी झाली, हे त्याच रात्री लिहून काढा. कुत्रं मरण्याआधी विचित्र वागत असेल आणि कोणाला चावलं, ओरबाडलं किंवा मुलाच्या जखमेला चाटलं असेल, तर आधी त्या माणसाला घेऊन सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी जा. बाकी सगळं नंतर.

तक्रार नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते. पैसे मोजून उपचार घेतले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, आणि उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. पूर्णपणे मोफत चालणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या उपचारांना मात्र तो कायदा लागू होत नाही. तिथं पशुसंवर्धन खात्याच्या वरिष्ठांकडेच जावं लागतं.

आता खरा अवघड भाग. समजा, शवविच्छेदनात द्राक्षं निघाली. आणि ती कोणी दिली होती? आपल्याच लेकरानं, लाडानं, बागेत गळलेले मणी ओंजळीत धरून. इथं फार मोठा मोह होतो. डॉक्टरांवर ढकललं की पोरगं सुटतं. मला हा मोह समजतो, तरी सांगतो, तसं करू नका. मुलांना बरंच कळतं, आणि न कळलेलं ती स्वतःच रचतात: ‘मी त्या दिवशी त्याला हाड् म्हटलं होतं म्हणून तो गेला.’ लहान मुलांत हे सर्रास होतं. त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. शेजारी बसून सांगा, ‘द्राक्षानं कुत्र्याला बाधतं हे तुला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं होतं? तू खाऊ दिलास, विष नाही.’ आणि मणी आपणच घातले असतील, तर तेही सांगून टाका. बापाचं चुकतं हे पोराला कळलं म्हणून काही बिघडत नाही.

डॉक्टरांबद्दल विचारलंच, तर वाक्य साधं ठेवा: ‘अजून माहीत नाही. आम्ही विचारतोय. कळलं की तुला सांगू.’ नाव घेऊन शिव्या घालू नका. रात्री-अपरात्री गाय अडली तर तेच फटफटीवर येणार आहेत, हे एक. आणि उद्या ताप आला तर मूल दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारील, हे दुसरं.

मेला आहे तर ‘मेला’ म्हणा. ‘झोपलाय’ म्हटलं की चार-पाच वर्षांचं मूल रात्री झोपायला घाबरतं, आणि ‘मळ्यात सोडून आलो’ म्हटलं की रोज फाटकापाशी उभं राहतं. या वयात मरण कायमचं असतं हे उमगलेलं नसतं. त्यामुळे तेच ते पुन्हा विचारलं जाईल. तितक्यांदा तेच उत्तर द्या. मूठमाती द्यायला यायचं असेल तर येऊ द्या. नको म्हणालं तर ओढू नका. पाहुण्यांपैकी कोणी ‘कुत्र्यासाठी एवढं?’ म्हणालंच, तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, एवढं त्यांच्या कानावर घाला. वाघाच्या झडपेतून त्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात.

रडणं थांबावं म्हणून आठवड्याभरात दुसरं पिल्लू आणू नका. मुलाला ते बदली माणूस आणल्यासारखं वाटतं, हे आहेच. पण पार्वोनं गेलं असेल तर अंगणात तो विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो, साध्या फिनेलला दाद देत नाही. लस न झालेलं नवं पिल्लू त्याच मातीत लोळलं, तर त्याच घरात दुसरं मरण. भांडी, फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुवा आणि पुढचं पिल्लू आणाल तेव्हा लसीचे सगळे डोस पुरे झालेलं आणा.

परिषदेकडून उत्तर यायला वेळ लागेल. तोवर पोरगं विसरलं असं समजू नका. कागद आला की वाचून दाखवा, निकाल आपल्याविरुद्ध असला तरी. ते चिडेल. तुम्हालाही पटलं नसेल तर तसं सांगा, आणि ग्राहक आयोगात जायचं की नाही हे त्याच्यासमोर बसून ठरवा. फक्त परिषदेच्या उत्तराची वाट पाहताना दोन वर्षांची मुदत थांबत नाही, तेवढी तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.