ग्रंथालयातील जुनी दप्तरे आणि गावाचा इतिहास

इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजधान्या, लढाया आणि राजांची नावे येतात. आपल्या गावातही काही घडले असेल, ही कल्पना त्यांना सहसा शिवत नाही. शिक्षकांजवळही पाठ्यपुस्तकाबाहेरची साधने थोडीच असतात. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणचे जुने ग्रंथालय फार उपयोगी पडते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये स्थापन झाले. अशा जुन्या संस्थांतून गॅझेटियरे, खानेसुमारीचे अहवाल, वृत्तपत्रांच्या बांधीव फायली आणि क्वचित हस्तलिखित पोथ्या मिळण्याचा संभव असतो. कोठे काय आहे, हे ग्रंथपालांस आधी विचारून घ्यावे, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

या साधनांचा उपयोग कसा करावा, हे पुणे जिल्ह्यातील सुपे गावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे हे नाव विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेले असते; परंतु १८७५ साली तेथे जे घडले ते फारच थोड्यांस माहीत असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा असून तो १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. गावांची वर्णने तिसऱ्या भागात आहेत, तर या प्रसंगाची हकीकत दुसऱ्या भागात, भांडवल व सावकारी यांच्या प्रकरणात आहे. केवळ गावाचे नाव पाहून पुस्तक मिटणाऱ्या वाचकाच्या हाती ती लागत नाही. दुसरी अडचण नावाची. सुपे नावाचे एक गाव पारनेर तालुक्यातही आहे, आणि १८७५ चे दंगे पुण्याप्रमाणे नगर जिल्ह्यातही पसरले होते. यास्तव गावाबरोबर तालुका टिपलाच पाहिजे. त्यातही तालुके बदलतात. पुण्याकडील सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे, आज ते बारामती तालुक्यात आहे.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात भोवतालच्या गावांचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे त्यांच्या वह्या व कर्जरोखे मागितले. हाती लागले ते जाळले, धान्याची दुकाने लुटली, काही घरांस आग लावली. यामागे बरीच वर्षे साचलेले दुःख होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले. त्याच सुमारास जमिनीची फेरआकारणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली होती. सावकाराने कर्ज थकवीत ठेवू नये, हा तिचा हेतू होता. पण प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याचा अंगठा कशावर उठला, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. शाळेची आवश्यकता पटविण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या प्रसंगात जळाले ते कागदच. ज्या रोख्यांवरून कोणी किती घेतले व किती फेडले हे आज समजले असते, तेच आगीत गेले. उरली ती सरकारी हकीकत. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. अहवालात साक्षी व आकडे विपुल आहेत. परंतु शेतसारा हे दंग्याचे कारण नव्हे, दोष सावकारांचा, असा त्याचा कल आहे. सारा बसविणारे आणि चौकशी करविणारे सरकार एकच होते, हे वाचताना विसरू नये. त्यासाठी त्या काळची मराठी वृत्तपत्रे शेजारी ठेवावीत. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होते. त्याची त्या महिन्यांतील फाईल मिळाल्यास दोन्हींतील फरक वहीत समोरासमोर लिहावा.

वर्गात हा विषय मांडताना एक जबाबदारी येते. त्या काळचे कागद सावकारांचा उल्लेख त्यांच्या जातीने किंवा मूळ प्रांताने करतात. कर्जदारांचे व सावकारांचे वंशज आज एकाच बाकावर बसलेले असण्याचा संभव आहे. म्हणून बोलणे व्यवहाराविषयी असावे, घराण्यांविषयी नसावे. जमावाने माणसांपेक्षा वह्यांवरच रोख का धरला असेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास ती आपोआप रोखा, व्याज व साक्ष यांच्या विचाराकडे वळतात. एखादे सरळ व्याजाचे गणितही तेथेच घालता येते. १२ मे १८७५ रोजी बुधवार होता. गावचा बाजार आज कोणत्या वारी भरतो, हे त्यांनी घरी विचारून यावे. वडीलधारी माणसे जे सांगतील तेही लिहून घ्यावे, मात्र ते ऐकीव म्हणून वेगळे नोंदवावे.

ज्या गावाचे नाव कोणत्याही अहवालात ठळक आलेले नाही, तेथेही खानेसुमारीचे आकडे, दुष्काळाच्या व प्लेगच्या नोंदी आणि शाळेचे जुने शेरेबुक यांतून पुष्कळ हाती लागते. जुन्या कागदांवर शक असल्यास त्यात ७८ मिळवावेत. पौष ते फाल्गुन या महिन्यांत बहुधा ७९ मिळवावे लागतात. गॅझेटियरांच्या प्रती आता राज्याच्या दर्शनिका विभागामार्फत संगणकावरही पाहावयास मिळतात; वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींसाठी मात्र बहुधा ग्रंथालयातच जावे लागते. त्यांचे कागद ठिसूळ झालेले असतात. बोट ओले करून पान उलटू नये, शाईची लेखणी जवळ ठेवू नये, नकाशावर कागद ठेवून गिरवू नये. उतारा पेन्सिलीने घ्यावा आणि त्याखाली ग्रंथाचे नाव, खंड, भाग, वर्ष व पृष्ठ तेथल्या तेथे लिहावे, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या शिक्षकास तेच पान पुन्हा उघडता येईल.