पाटीवरची अक्षरं

पोरी, नव्या गावात बिऱ्हाड मांडते आहेस, तर दूधवाला-किराणा बघतानाच घरचा डॉक्टरही ठरवून टाक. अंगात ताप भरल्यावर शोधायला निघालं, की निवड करायचं त्राण उरत नाही.

पाटीवरचं नाव वाचतेस, तशी नावापुढची अक्षरंही वाच. एम.बी.बी.एस. म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं ॲलोपथी. बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस.सुद्धा साडेपाच वर्षंच शिकतात; पहिले आयुर्वेद, दुसरे होमिओपथी. अडीनडीला रात्री दार उघडणारे पुष्कळदा हेच असतात, त्यांचा मान ठेव. मात्र हातात गोळ्या पडल्या की विचारायचं, ‘डॉक्टर, ही औषधं कुठल्या पॅथीची?’ विचारण्यात उद्धटपणा नाही.

नुसतं ‘एम.डी.’ दिसलं तर कशात, ते बघ. एम.डी. आयुर्वेदातही असते, होमिओपथीतही. एम.डी. मेडिसिन म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर आणखी तीन वर्षं मोठ्या माणसांचे आजार शिकलेले फिजिशियन. शुगर, बीपी आटोक्यात येत नसेल, ताप उतरत नसेल, तर त्यांच्याकडे जायचं. बाळासाठी बालरोगातले एम.डी. किंवा डी.सी.एच. झालेले डॉक्टर बघ. फॅमिली मेडिसिनमध्ये डी.एन.बी. झालेले कुणी जवळपास असले, तर आधी त्यांना गाठ. एम.बी.बी.एस.नंतरची तीन वर्षं त्यांनी तान्ह्यापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचं दुखणंखुपणं शिकण्यात घातलेली असतात.

चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा. ॲलोपथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपथीच्या परिषदा वेगळ्या. क्रमांकच नसेल, तर त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नकोस.

घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाइल कर. जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, सगळं त्यात ठेव आणि दर खेपेला सोबत ने. लवकर बरं वाटावं म्हणून सुई-सलाईनचा हट्ट धरू नकोस. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, धाप लागली, तर दवाखाना उघडण्याची वाट बघायची नाही. १०८ला फोन करून थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आणि पदवी कुठलीही असो, ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, आजच पुढे न्या’ असं वेळेवर सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याला धरून राहा. दवाखाना दोन गल्ल्या लांब असला तरी चालेल.